धार सरकली ते वर्ष

फेब्रुवारी सरत आला की सिंदी मेघेच्या आमच्या चौकात टरबुजांच्या गाड्या उभ्या राहू लागतात. काळपट हिरवी, एका मापाची फळं. विकणारा एखादं मधोमध कापून त्याची लाल फाक वर ठेवतो. मी थांबते, टिचकी मारून आवाज ऐकते, कुठलं म्हणून विचारते. तो कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्याचं नाव सांगतो. बाजूच्या टोपल्यात डांगरं असतात. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात. एक उचलून नाकाशी धरते, तर त्याला वासच नसतो. तरी घेते. घरी कापते, साखर घालून सगळे खातात. मला मात्र त्या दिवसापासून माझ्या गावची नदी आठवत राहते, आणि नदी आठवली की ते एकच वर्ष डोळ्यांपुढे येतं. बाकीची वर्षं एकमेकांत मिसळून गेली आहेत.

माझं माहेर येळघाट. वर्धा नदीच्या उंच दरडीवर वसलेलं लहानसं गाव. समोरच्या थडीवर बोरगव्हाण. ते यवतमाळ जिल्ह्यात, आम्ही वर्धा जिल्ह्यात. नदी ही जिल्ह्याची शीव आहे हे मला शाळेतल्या नकाशावर कळलं. त्याआधी मला वाटायचं की दोन्ही मिळून एकच गाव आहे आणि मधून पाणी जातं.

आमचं जुनं गाव खाली, नदीच्या अंगाला होतं म्हणतात. आजोबांच्या वडिलांच्या काळात एका पुरानं ते धुऊन नेलं. उरलेली माणसं चौकटी, दारं, जाती उचलून वर चढली आणि पुन्हा खाली उतरली नाहीत. खाली राहिलं महादेवाचं देऊळ आणि दगडी घाट. पावसाळ्यात देऊळ बुडायचं. पाणी ओसरलं की बाया पदर खोचून खाली जायच्या, पिंडीवरचा गाळ हातांनी काढायच्या, घाटाच्या पायऱ्या खराट्यानं झाडायच्या. नदीचा राग धरायची रीत नव्हती. तिनं गाव नेलं हे सांगताना म्हातारी माणसंसुद्धा सासुरवाशीण लेकीबद्दल बोलावं तसं हळू बोलायची.

आणि तिनं नेलं तसं दिलंही. दिवाळी झाली की पाणी निवळायचं, उतरायचं, आणि तिच्या पोटातून बेट वर यायचं. लांबलचक, पांढऱ्या रेतीचं, कडेला काळा गाळ साचलेलं. मुख्य धार बेटाच्या पलीकडून, बोरगव्हाणच्या बाजूनं वाहायची. आमच्या काठाला ते जवळजवळ चिकटलेलंच असायचं, मध्ये घोट्याएवढं पाणी. त्या बेटावर आमच्या गावाची डांगरवाडी व्हायची.

माझे आजोबा, आबाजी, गावातले जाणते. त्यांची स्वतःची मुलंसुद्धा त्यांना आबाजीच म्हणत. पाणी उतरलं की एका सकाळी ते हातात बांबू घेऊन बेटावर जायचे आणि सारं गाव त्यांच्यामागून. ओल्या रेतीत बांबूनं रेघ ओढत ते पुढे पुढे चालायचे. इथपर्यंत याचं, इथून त्याचं. घरात खाणारे किती, राबणारे किती, हे पाहून तुकडा लहानमोठा व्हायचा. एकटी बाई असेल तर तिला धारेजवळचा तुकडा, म्हणजे घागरीनं पाणी आणायला फार चालावं लागू नये. त्या रेघांवरून कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. एका पुरात पुसल्या जाणाऱ्या रेघा, पण दगडावर कोरल्यासारख्या पाळल्या जायच्या.

मग रेतीत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचं, ओल्या फडक्यात बांधून चुलीपाशी उबेला ठेवलेलं बी मोड आल्यावर एकेक करून लावायचं. वाऱ्यानं रेती उडून वेल गाडले जाऊ नयेत म्हणून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे कूड घालायचे. होळीपर्यंत रेती दिसेनाशी व्हायची. उन्हं कलताना घाटावर उभं राहिलं की पिकलेल्या डांगरांचा वास वारा वर घेऊन यायचा, ओलसर आणि गोड. सकाळी बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून देवळीच्या बाजाराला निघायच्या, आणि बाजारात लोक विचारायचे, येळघाटचं आहे का?

कौसाआत्या आबाजींची एकुलती एक लेक, माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न आबाजींनी बोरगव्हाणात केलं ते ती डोळ्यांपुढे राहावी म्हणून. आणि ती खरोखरच डोळ्यांपुढे राहिली. सकाळी ती त्या थडीवर कपडे धुवायला यायची तेव्हा माझी माय या थडीवर धूत असायची. नणंद-भावजयीचं बोलणं पाण्यावरून चालायचं.

"वैनी, लोनचं घातलं का वं?"

"कैऱ्या कुठं आल्या आतापासून! तू ये, मंग घालू!"

मनात आलं की आत्या डोंग्यातून यायची. डोंगा म्हणजे आमची लाकडी होडी, दोन्ही गावांची मिळून एक. कोणी नवी आणली, कोणी दुरुस्त केली, याचा हिशेब नव्हता. सण, सोयरीक, बाळंतपण, मयत, सारं त्या डोंग्यातून इकडून तिकडे जायचं.

मी दहावीला होते, त्या वर्षी पावसाळा संपता संपता मोठा पूर आला. दरड खचली, घाटाच्या खालच्या पायऱ्या वाहून गेल्या. पाणी उतरलं तेव्हा माणसं घाटावर येऊन उभी राहिली. नदीनं धार बदलली होती. ती आता आमच्या दरडीला घासून, खोल आणि हिरवी वाहत होती. बेट तिच्या पलीकडे गेलं होतं, बोरगव्हाणच्या काठाला चिकटून. इतकं रुंद आणि गाळानं भरलेलं बेट आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं.

आबाजी नेहमीसारखे बांबू घेऊन निघाले, डोंग्यातून. बेटावर बोरगव्हाणची माणसं आधीच उभी होती. त्यांच्यात सर्वांत पुढे आत्याचे मालक, माझे मामाजी; आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. बाबांनी घरी येऊन सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण सांगताना त्यांना बसवत नव्हतं.

मामाजी म्हणाले, "आबाजी, धार हेच शीव आहे. धारेच्या अल्याड तुमचं, पल्याड आमचं. आजवर आमी काई बोललो का? या साली नदीनंच देलं."

आबाजी म्हणाले, "धार सरकली म्हनून शेत सरकते का, जावईबापू? या रेतीत माह्या बापाचा घाम आहे."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आज मला तसं वाटतं. तेव्हा मात्र आम्हाला आबाजी बरोबर वाटत होते आणि बोरगव्हाणच्या पोरांना मामाजी. शब्द वाढले. कोणीतरी कोणाला ढकललं. दोन्हीकडचे तलाठी येऊन पाहून गेले. नदीच्या पोटातली रेती कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. शेवटी आबाजींनी आपल्या लोकांना मागे बोलावलं. इकडच्या काठाला उतरल्यावर ते एवढंच बोलले, "डोंगा वर काढा."

माणसांनी डोंगा ओढत दरडीवर आणला आणि कडुनिंबाखाली पालथा घातला. दोन्ही गावांचा डोंगा, पण आता तो आमच्या गावात पालथा पडला होता. आबाजींनी कोणाला शपथ घातली नाही की दंड सांगितला नाही. त्यांनी डोंगा वर काढला, एवढं पुरे होतं. त्या दिवसापासून कोणी पल्याड गेलं नाही, कोणी आलं नाही, आणि थडीवरून हाका मारणंही बंद झालं.

त्या हिवाळ्यात मी देवळीला मावशीकडे राहून शाळा करत होते, सुट्टीला बसनं गावी यायची. दर वेळी घर जास्त गप्प वाटायचं. संक्रांतीला मायनं आत्याचं वाण काढून ठेवलं, तिळगुळ, बांगड्या, खण. ते कोनाड्यात तसंच राहिलं. आबाजी येता-जाता त्याच्याकडे पाहायचे. गावानं दरडीखालच्या चिंचोळ्या खडकाळ पट्टीत वाडी केली, कारण हात रिकामे ठेवणं कोणाला जमत नव्हतं. वेल आले ते पिवळे, रोगट. आणि समोर, धारेपलीकडे, बेट हिरवं होत होतं.

त्या हिरव्यात आत्या दिसायची. लहानपणी ज्या रेतीत ती आबाजींच्या मागे मागे चालली, त्याच रेतीत आता ती सासरच्या माणसांबरोबर वाकून काम करत होती. तिची चाल लांबून ओळखू यायची. आबाजींनी आमच्या पट्टीवर खोपडी घातली होती, चार बांबू आणि वर पऱ्हाट्या. राखण करण्याजोगं तिथं काही नव्हतं. तरी ते सकाळपासून तिथं बसायचे, तोंड बेटाकडे करून.

परीक्षा संपवून मी घरी आले आणि आबाजींची भाकर घेऊन खोपडीत जाऊ लागले. एका दुपारी आत्या एकटीच धारेच्या काठाशी आली. घागर भरली, उचलली नाही. मध्ये फक्त ती हिरवी धार. बोलणं सहज ऐकू जाईल एवढीच रुंद.

"शालू," ती म्हणाली, "आबाजी कसे आहेत वं?"

आबाजी माझ्या मागेच बसले होते. तिला ते दिसत होते. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सांग तिले, बरे आहेत," आबाजी म्हणाले.

"बरे आहेत, आत्या."

"खोकला काऊन येऊन राह्यला त्याइले?"

"सांग, धूळ गेली."

"धूळ गेली म्हनतात."

"जेवतात का?"

आबाजींनी झाकून ठेवलेल्या भाकरीकडे पाहिलं. "सांग, जेवतात."

मी सांगितलं. तिला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, तिचा त्यांना. तरी दोघंही माझ्या तोंडून तो जाईपर्यंत वाट पाहत होती. मग तिनं घागर उचलली आणि म्हणाली, "त्याइले सांग, रातच्याले कानाले फडकं बांधत जा." या वेळी मी काही बोलण्याआधीच आबाजींनी मान हलवली. ती त्यांनी माझ्याकडे पाहून हलवली.

पाडव्यानंतर खोकल्याबरोबर ताप आला. देवळीचे डॉक्टर येऊन गेले, वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. आबाजी तयार नव्हते. घरी वर चला म्हटलं तरी नको. "मले इथंच बरं वाटते," म्हणायचे. बाबांनी शेवटी खोपडीतच खाट टाकली. आधी भाकर बंद झाली, मग आंबील, मग दूधही ओठांवरून परत येऊ लागलं. त्यांनी आत्याचं नाव एकदाही घेतलं नाही. खाटेचं तोंड मात्र कोणी बदललेलं त्यांना चालायचं नाही.

बाबा, काका, गावातली मोठी माणसं येऊन बसायची. सगळ्यांना कळत होतं. पण डोंगा आबाजींनी वर काढला होता, आणि तो खाली घाला हे आबाजींनीच म्हणायला हवं होतं. ते म्हणत नव्हते. असा तिढा पडला होता आणि त्यात एक जीव हळूहळू जात होता.

तो तिढा मायनं तोडला. ती फार बोलणारी बाई नव्हती. एका सकाळी धुणं घेऊन थडीवर गेली, बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन, इतक्या महिन्यांनी, पाण्यावरून हाक मारली.

"कौसाबाई! ओ कौसाबाई! आबाजी खाऊन नाई राह्यले वो! पानीसुदा खाली उतरून नाई राह्यलं!"

दरडीवरची माणसं वळून पाहू लागली. बाबा खोपडीतून बाहेर आले. मायनं कोणाकडे पाहिलं नाही. पलीकडे वेलांमध्ये आत्या उभी राहिली, तशीच क्षणभर थांबली आणि पाठ फिरवून बोरगव्हाणच्या दिशेनं चालू लागली. माय मटकन खाली बसली. ती येणार नाही असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

ऊन तापायला लागलं तेव्हा ती पुन्हा दिसली. दरडीखाली धार खोल होती, पण थोडं वरच्या अंगाला पाणी धोंड्यांवरून पसरून येत होतं. आत्या तिथं गेली. अंगावर धुवट पातळ, कासोटा घट्ट मारलेला, डोक्यावर एक गाठोडं. तिच्या मागे बेटावर बोरगव्हाणची माणसं जमत होती. आमच्याकडेही दरडीवर गर्दी झाली. कोणी ये म्हणालं नाही, कोणी येऊ नको म्हणालं नाही. ती पाण्यात उतरली.

पाणी गुडघ्यांना, मग मांड्यांना लागलं. ती पायानं चाचपत, एक पाय रोवून मगच दुसरा उचलत येत होती. कमरेपर्यंत पाणी आलं तेव्हा बेटावरून मामाजी धावत निघाले आणि तिच्यामागे पाण्यात शिरले. आमच्याकडे एकदम हालचाल झाली. तो तिला ओढून न्यायला निघाला, असंच सगळ्यांना वाटलं. काकांनी काठी उचलली, आणखी दोघांनी उचलली, बाबा पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातातही काठी होती.

मामाजी धारेच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी हात वर केला आणि बाबांना ओरडून सांगितलं, "तिले धरा! तिकडून धार ओढते! खाली खड्डा आहे, धरा तिले!"

बाबांनी काठी टाकली. ती पाण्यात पडली आणि वाहून गेली. ते तसेच, धोतरानिशी, आत शिरले. आत्या छातीपर्यंत पाण्यात होती, गाठोडं एका हातानं धरलेलं, दुसरा हात पुढे. बाबांनी तो हात पकडला. मामाजी मात्र हलले नाहीत. बहीण-भाऊ काठाला लागेपर्यंत ते धारेत उभे राहिले. त्यांना मागे जाता येत होतं आणि पुढेही येता येत होतं. पुढे कसं यायचं ते त्यांना कळत नसावं.

ओल्या अंगानंच आत्या खोपडीत गेली. आबाजींच्या पायांशी बसली आणि त्यांच्या पावलांवर हात ठेवला. तिच्या पातळाचं पाणी रेतीत झिरपत होतं. आबाजींनी डोळे उघडून तिला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आम्ही सगळे दाराशी. मला वाटलं, आता ते काय बोलतील, रडतील की काय.

"ओली काऊन झाली?" त्यांनी विचारलं.

"पान्यातून आली, आबाजी."

"अन् डोंगा काऊन नाई घातला?"

  बाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि बाहेर जाऊन म्हणाले, "डोंगा घाला रे खाली." दरडीवरून माणसं अक्षरशः धावली. हिवाळाभर आणि निम्मा उन्हाळा पालथा पडलेला डोंगा त्यांनी सुलटा केला, ओढत आणला, पाण्यात ढकलला. फळ्या उन्हानं वाळून एकमेकींपासून सुटल्या होत्या. सगळ्या भेगांतून पाणी आत येऊ लागलं आणि बघता बघता डोंगा काठाशीच बुडाला. लाकूड पुन्हा फुगून भेगा बुजेपर्यंत त्याला तसंच पाण्यात ठेवावं लागणार होतं. म्हणून त्या दिवशी मामाजीही चालतच आले. बाबा पाण्यात उतरून त्यांना घेऊन आले.  काकांनी त्यांना अंग पुसायला आपला शेला दिला.

आबाजी त्यानंतर थोडेच दिवस राहिले. आत्या त्यांच्या उशाशी होती. तिच्या हातून ते चमच्या-चमच्यानं पेज घेत. डोंगा फुगून चालू झाला तेव्हा मामाजींनी बेटावरचं एक डांगर आणलं. आत्यानं गराचा मऊ भाग काढून आबाजींच्या तोंडात ठेवला. त्यांनी तो जिभेवर घोळवला आणि मामाजींकडे पाहत म्हणाले, "बी कोनतं लावलं?"

मामाजींनी आत्याकडे पाहिलं. आत्याच बोलली, "आपल्याच घरचं, आबाजी. मागच्या साली वैनीनं बांधून देलतं."

आबाजी हसले. खोकला आला, तरी हसले. म्हणाले, "मंग गोड राहीनच." त्यांच्या तोंडून वाडीबद्दल निघालेलं ते शेवटचं बोलणं.

त्यांना अग्नी दिला तो बेटावरच्या रेतीत. बोरगव्हाणच्या लोकांनी स्वतः वेल उपटून जागा मोकळी केली. फळं लागलेले वेल. सारं येळघाट डोंग्यातून खेपा करत पलीकडे गेलं. त्या रेतीवर दोन्ही गावांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. काही महिन्यांपूर्वी तिथंच ती एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती.

त्यानंतर सगळं एकदम गोड झालं असं मी म्हणणार नाही. आमच्यातल्या ज्याला ढकललं होतं, त्या माणसानं पुढे कित्येक वर्षं बोरगव्हाणात पाणी घेतलं नाही. पण पुढच्या दिवाळीनंतर बाबा आणि मामाजी दोघं मिळून बेटावर गेले. बांबू एकच होता. थोडा वेळ हा धरायचा, थोडा वेळ तो. नदी दर वर्षी इकडे-तिकडे सरकायची आणि ते दर वर्षी नव्यानं रेघ ओढायचे. आबाजींसारखी सरळ रेघ त्यांना कधी जमली नाही.

माझं लग्न झालं, मी सिंदी मेघेला आले. मग नदीवर खाली धरण झालं. पाणी मागे मागे फुगत आमच्या दरडीपर्यंत आलं आणि तिथंच थांबून राहिलं, बारा महिने. बेट पाण्याखाली गेलं. देऊळ गेलं. आमचं गाव उंचावर म्हणून राहिलं. बोरगव्हाण सखल, ते उठवून आत, सडकेच्या कडेला नव्यानं वसवलं. सारख्या मापाच्या गल्ल्या, नळ, समाजमंदिर. दोन गावांच्या मध्ये आता पाण्याचं इतकं मोठं पात्र की पलीकडचं माणूस ठिपक्याएवढंही दिसत नाही. जायचं तर मोठ्या पुलावरून वळसा घालून. धरणाच्या पाण्यानं पुष्कळांची शेतं भिजली, ते मी नाकारत नाही. पण ज्या रेतीसाठी एक बाप आपल्या लेकीशी बोलायचा थांबला, ती रेती आता कोणाचीच नव्हती, हे मला पुलावरून जाताना दर वेळी जाणवायचं, आणि त्यात कुठं समाधान मानावं की दुःख करावं, ते कधी ठरवता आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. भावाचा फोन आला, बेट उघडं पडलं म्हणून. मी गेले. घाटावरून पाहिलं तर खरंच, राखी रंगाचं, भेगाळलेलं लांबट काहीतरी पाण्याबाहेर आलं होतं. दोन्हीकडची माणसं ते पाहायला येत होती. पोरं फोटो काढत होती. आत्याचा मुलगा तिला पुलावरून मोटारसायकलवर घेऊन आला, आणि आमच्या घाटापाशी सोडून कामाला देवळीला गेला. मामाजी जाऊन काही वर्षं झाली. आत्या आता वाकली आहे. माय तर तिच्याहून थकलेली.

दोघी एकमेकींच्या आधारानं खाली, आमच्या काठाला लागलेल्या बेटावर उतरल्या. मी मागे. माय म्हणाली, "कौसाबाई, वाडी कुठं होती वो आपली? मले तं काईच उमजून नाई राह्यलं."  आत्या वाकली, भेगेत बोटं घालून एक ढेकूळ उचललं, चुरडून पाहिलं. चुरडता येईना. तिनं ते नाकाशी नेलं आणि टाकून दिलं.

"गाळ आहे हा, वैनी. चिकन गाळ. रेती पार खाली दबली. याच्यात डांगर नाई होत."

 वारा होता, पण त्याला चिखलाखेरीज कशाचाच वास नव्हता. आबाजींना जिथं अग्नी दिला ती जागा कोणती, असं मला आत्याला विचारायचं होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी विचारलं नाही. ती ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून हात आडवा धरून, बोरगव्हाण होतं त्या बाजूला पाहत होती. तिकडे आता फक्त वाळलेल्या झाडांचे खुंट पाण्यातून वर आले होते.

"चाल, जेवून जाजो," माय म्हणाली. "पोरगं संध्याकाळी येईनच घ्याले."

दोघी पायऱ्या चढू लागल्या. पायऱ्या उंच, दोघींचे गुडघे गेलेले. अर्ध्यावर आत्या टेकली, दम खाल्ला, कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "लाव वं पोराले." मी लावून दिला. तिनं तो कानाशी धरला आणि पाण्यावरून हाक मारावी इतक्या मोठ्यानं बोलली.

"हो, मीच व्हय. आईक. आज येऊ नको घ्याले. उद्याही येऊ नको. मी राह्यते इथं. मले वाटलं का मंग मी सोताच येईन."